पडशाचा पत्ता

दिवाळीला आपल्याकडे पाहुणे येतात ते सांगून येतात. एक पाहुणा मात्र न सांगता येतो आणि भाऊबीज आटोपली तरी हलत नाही. तो म्हणजे पडसे! पहाटेचे अभ्यंगस्नान, ओल्या केसांनी अंगणात उडवलेले फटाके, तळणाच्या चकल्या आणि त्यांवर प्यायलेले गार पाणी, यांपैकी कुणाच्या तरी माथी त्याचे खापर फोडले जाते. वास्तविक पडसे चकलीतून येत नाही. ते येते विषाणूंतून. आणि फराळाच्या ताटाबरोबर ते या घरातून त्या घरात जाते, कारण आपणच या घरातून त्या घरात जात असतो. त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक प्रकार मोजले गेले आहेत. म्हणून तर एकदा होऊन गेलेले पडसे पुन्हा होते. दर खेपेला दारात उभा असतो तो निराळाच इसम!

परंतु आज मला पडशाच्या औषधाविषयी लिहायचे नाही. औषध घेतले तर सात दिवस आणि न घेतले तर एक आठवडा, हे त्याचे गणित सर्वांना पाठ आहे. मला लिहायचे आहे ते पडशाच्या कागदाविषयी.

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊकच आहे की, माझी उमेदीची वर्षे मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या नोंदविभागात गेली. डॉक्टर रोग्याला तपासतात, परिचारिका त्याची शुश्रूषा करते. तो बरा होऊन घरी गेला की मागे उरतो त्याचा कागद. तो आमच्याकडे येई. त्यावरचे निदान वाचायचे, जाडजूड ग्रंथात त्याचा क्रमांक शोधायचा आणि तो तांबड्या शाईने कोपऱ्यात लिहायचा, हे आमचे काम. आता तेच काम माझी भाची पुण्याला हिंजवडीच्या एका कचेरीत संगणकावर करते. फरक इतकाच की, तिचे रोगी अमेरिकेत शिंकतात आणि ती इथे बसून त्यांना क्रमांक देते.

माझे बंधू, म्हणजे तिचे वडील, हे ऐकून प्रथम चकितच झाले. "शिंकेला नंबर देण्याचा पगार मिळतो?" त्यांनी विचारले.

"बाबा, शिंकेला वेगळा नंबर नसतो," भाची म्हणाली. "डॉक्टरांनी पडसं असं निदान लिहिलं की शिंक, खोकला, गळणारं नाक हे सगळं त्याच्याच भाड्यात आलं. प्रत्येकाचं वेगळं बिल लावायचं नाही, असा नियमच आहे."

"आणि निदान लिहिलंच नाही तर?"

"तर मग खोकल्याला खोकल्याचा नंबर, तापाला तापाचा. त्यापुढे मी एक पाऊल टाकायचं नाही."

या शेवटच्या वाक्यात त्या धंद्याचे सारे शील आहे. त्याकडे मी येणारच आहे. आधी हे क्रमांक म्हणजे काय ते सांगते.

पुण्यात जशा पेठा, तशा रोगांच्याही पेठा असतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत श्वसनाच्या रोगांना 'जे' हे अक्षर दिलेले आहे. या पेठेत शिरताच पहिले घर, जे ००, साध्या पडशाचे. जे ०१ मध्ये सायनस सुजलेले, जे ०२ मध्ये घसा, जे ०३ मध्ये टॉन्सिल. जे ०४ मध्ये स्वरयंत्र आणि श्वासनलिका. म्हणजे ज्यांचा आवाज बसला ते तिथे राहतात. जे ०५ मध्ये लहान मुलांचा तो भुंकल्यासारखा घोगरा खोकला, ज्याला क्रुप म्हणतात. फ्लूची बिऱ्हाडे पुढे जे ०९ ते जे ११ मध्ये. आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची धूळ नाकात गेल्यामुळे ज्यांना सटासट शिंका येतात, ते तर या आळीतलेच नव्हेत. त्यांची ॲलर्जी जे ३० मध्ये, पार पलीकडच्या चौकात.

मग मधले जे ०६ कुणाचे? ते अनेक जागी पसरलेल्या किंवा जागाच न सांगितलेल्या दुखण्याचे. त्यातले जे ०६.९ हे शेवटचे दालन म्हणजे निव्वळ धर्मशाळा! डॉक्टरांनी घाईघाईत 'वरच्या श्वसनमार्गाचा संसर्ग' एवढेच लिहिले की रोग्याची पथारी तिथे पडते. सब घोडे बारा टक्के. धर्मशाळा वाईट असते असे नाही. पुष्कळदा डॉक्टरांना खरोखरच त्याहून अधिक सांगता येण्यासारखे नसते, आणि तेव्हा तेच लिहिणे प्रामाणिकपणाचे. परंतु ज्याला स्वतःचे घर आहे त्यालाही धर्मशाळेत झोपवले, तर पुढे त्याला शोधायचे कुणी आणि कुठे?

ही पेठांची रचना काही एका दिवसात झाली नाही. लंडनला जॉन ग्राँट नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. त्याने १६६२ साली गावातल्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या चाळून एक पुस्तक लिहिले. त्या याद्यांतली मृत्यूची कारणे ठरवीत कोण, तर वाड्यावस्तीतल्या म्हाताऱ्या बायका! त्या घरी जाऊन प्रेत पाहत आणि कारण सांगत. आमच्या धंद्याच्या त्या आद्य आजीबाईंविषयी मला नेहमीच आपुलकी वाटत आली आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात विल्यम फार यांनी इंग्लंडात एकाच रोगाला दहा गावांत दहा नावे असण्याचा गोंधळ निस्तरायला घेतला. १८९३ साली शिकागोच्या परिषदेत पॅरिसचे जाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. तिच्या सर्वांत सविस्तर नमुन्यात १६१ नावे होती. दर दहा वर्षांच्या आसपास ती सुधारत गेली. १९४८ साली हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि त्या वेळच्या सहाव्या आवृत्तीत मरणाबरोबर दुखण्यांनाही जागा मिळाली. तोपर्यंत यादीत नाव लागायला मरावे लागत असे. आता नुसते आजारी पडून भागू लागले! दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली, अकरावी २०१९ मध्ये, आणि ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात पडशाचा पत्ता बदलून सी ए ०० झाला आहे. तथापि घर बदलायला वेळ लागतोच. अमेरिकेत, आणि पर्यायाने माझ्या भाचीच्या कचेरीत, अजून दहावीचेच राज्य आहे.

अमेरिकेत हा क्रमांक पैशाशी बांधलेला आहे. तिथले डॉक्टर विमा कंपनीला दोन प्रकारचे क्रमांक पाठवतात. रोग्याला काय केले याचा एक, आणि का केले याचा दुसरा. दुसऱ्याने पहिल्याची साक्ष द्यावी लागते. ती पटली नाही तर पैसे अडतात. म्हणून तर कागद वाचणारी इतकी माणसे लागतात. पण साक्ष द्यायची ती कागदाने, वाचणाऱ्याने नव्हे. डॉक्टरांनी 'घसा लाल, ताप, अमॉक्सिसिलिन दिले' एवढेच लिहिले, तर भाचीने औषधावरून रोग ओळखायचा नाही. ती डॉक्टरांना विचारते: आपण कोणते निदान केलेत ते कृपया लिहा. म्हणजे बघा, निदान लिहिणाऱ्याने निदान 'निदान' तरी लिहावे, एवढीच तिची मागणी असते.

तुम्ही म्हणाल, आपल्याला अमेरिकेच्या बिलांशी काय करायचे आहे? बिलांशी काही नाही. पण त्या शिस्तीशी आहे. ते पटावे म्हणून आमच्याच इमारतीतल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांची. त्यांना न्यूमोनिया झाला, आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, बिल लाखाच्या घरात गेले. विमा होता म्हणून घरची मंडळी निर्धास्त होती. महिन्याभराने कंपनीचे पत्र आले: आपणास पूर्वीपासून दमा होता, तो आपण लपवलात, सबब दावा नामंजूर. गृहस्थ हतबुद्ध झाले. दमा त्यांना कधी नव्हताच. ते सगळी भेंडोळी घेऊन माझ्याकडे आले. "काकू, तुम्ही यातल्या. जरा बघा," म्हणाले.

मी कागद तारखेवार लावले. तीन वर्षांपूर्वी त्यांना पडसे होऊन खोकला लांबला होता. तेव्हा प्रवासात कुठल्याशा दवाखान्यात एका डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'दमा?' असे लिहिले होते. पुढे प्रश्नचिन्ह. न्यूमोनियाच्या वेळी रुग्णालयात कुणीतरी ती चिठ्ठी पाहून पूर्वेतिहास उतरवला. उतरवताना प्रश्नचिन्ह गळाले आणि 'जुना दमा' एवढेच राहिले. कंपनीने ते वाचले. एक टिंब आणि एक आकडी हरवली, तर माणूस खोटारडा ठरला!

माझ्या भाचीच्या नियमावलीत या प्रश्नचिन्हाला फार मान आहे. दवाखान्यातल्या भेटीच्या कागदावर 'संभाव्य', 'शंका', 'असू शकेल' असे काही लिहिले असेल, तर त्या रोगाचा क्रमांक लावायचाच नाही. जे लक्षण नक्की दिसले त्याचाच लावायचा. तिथे ती चिठ्ठी 'खोकला' म्हणूनच नोंदली गेली असती. मौज अशी की, रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याला सोडताना डॉक्टरांनी 'संभाव्य' लिहिले असेल, तर तिथला नियम बहुतेक रोगांच्या बाबतीत उलटा आहे. रोग आहे असेच धरून क्रमांक लावतात. फ्लूचा विषाणू ओळखला असे लिहायचे असेल किंवा कोविड असेल, तर मात्र दोन्हीकडे खात्रीच लागते. तेव्हा शंका कुठे आणि कोणत्या रोगाची लिहिली आहे, यालाही अर्थ असतो.

त्या गृहस्थांना तारले ते त्यांच्या जुन्या घरगुती डॉक्टरांच्या वहीने. प्रवासातून परतल्यावर ते त्यांना दाखवून आले होते. वहीत चारच ओळी होत्या: खोकला तीन आठवडे, छातीत घरघर नाही, फुंकून घेण्याची चाचणी ठीक, विषाणूच्या पडशानंतरचा खोकला, दमा नाही. खाली पुढच्या तारखेला एक शब्द: 'बरा'. डॉक्टरांनी त्या नोंदीची सहीनिशी नक्कल दिली. रुग्णालयाने आपली नोंद दुरुस्त केली. दोन-अडीच महिने पत्रापत्री झाली आणि पैसे मिळाले. 'दमा नाही' हे दोन शब्द लिहायला त्या डॉक्टरांना किती वेळ लागला असेल? पण रोग नसल्याचे लिहून ठेवणारा डॉक्टर हा असल्याचे लिहिणाऱ्याइतकाच मोलाचा, हे तेव्हा साऱ्या इमारतीला कळले.

दुसरी गोष्ट समोरच्या बिऱ्हाडातल्या आठ वर्षांच्या मुलाची. त्याच्या घरी त्याच आठवड्यात आजोबांना पडसे झाले होते. नाक गळत होते, शिंका, खोकला, घसा खवखवत होता. आजोबांनी मागच्या खेपेच्या उरलेल्या अँटिबायॉटिकच्या तीन गोळ्या शोधून काढल्या आणि घेऊन टाकल्या. विषाणूवर अँटिबायॉटिक चालत नाही, त्यामुळे हे साप म्हणून भुई धोपटणेच झाले. शिवाय भुईला राहणारे इतर जिवाणू त्या धोपटण्याला सरावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध निकामी होते, ते निराळेच.

मुलाचाही घसा धरला. घरात सर्वांनी ठरवले, आजोबांचेच पडसे त्याला लागले. आई मात्र त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी लिहिलेला कागद मी पाहिला आहे; नोंदविभागातल्या बाईला सुंदर अक्षर पाहून व्हावा तसा आनंद मला तो पाहून झाला. ताप १०२, दोन दिवस. खोकला नाही. नाक गळत नाही. टॉन्सिलवर पांढरे ठिपके. गळ्याच्या पुढच्या गाठी सुजलेल्या, दाबल्यास दुखतात. स्ट्रेप्टोकोकसची शंका, घशाचा नमुना पाठवला. अहवाल आला तो शंका खरी करणारा. मग निदान लिहिले गेले आणि दहा दिवसांचे औषधही.

येथे जे ०२.९ आणि जे ०२.० या दोन शेजाऱ्यांतले अंतर ध्यानात घ्या. पहिल्यात कारण न सांगितलेला घसा. मुलांच्या दुखऱ्या घशांपैकी बहुतेक विषाणूचेच असतात आणि आपोआप बरे होतात. दुसऱ्यात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू. हाही घसा आठवड्याभरात बरा झाल्यासारखा दिसतो. परंतु औषध पडले नाही तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधेज्वर येतो, आणि तो हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवू शकतो. मोठेपणी झडपेच्या शस्त्रक्रियेला आलेल्या कित्येक स्त्री-पुरुषांचे कागद माझ्या हातांखालून गेले. लहानपणी काय झाले होते, या रकान्यात बहुधा एकच उत्तर असे: आठवत नाही. घसा दुखला होता की नाही, कुणी पाहिला होता की नाही, कागदच नव्हता. म्हणून म्हणते, आजोबांना ज्याची गरज नव्हती आणि नातवाला ज्याची निकड होती, ते औषध एकच होते. फरक फक्त नीट पाहण्यात आणि नीट लिहिण्यात होता.

हे झाले एका घरापुरते. गावाच्या दृष्टीने पाहिले तर धर्मशाळेतली गर्दी आणखी महागात पडते. २००९ साली स्वाईन फ्लू आला, तेव्हा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. एक शाळकरी मुलगी. त्या पावसाळ्यात पुण्याच्या प्रत्येक आईला एकच प्रश्न होता: हे आपले नेहमीचे पडसे, की ते? उत्तर द्यायला गावातच राष्ट्रीय विषाणू संस्था होती. ती मुळात १९५२ साली निघालेली. नमुन्यावर नाव, तारीख, लक्षणे नीट असतील तरच तिच्या उत्तराचा उपयोग. मग २०२० साली कोविड आला आणि त्याच्यासाठी दोन नवे क्रमांक घाईने उघडावे लागले. यू ०७.१ म्हणजे विषाणू सापडला, यू ०७.२ म्हणजे सापडला नाही, पण लक्षणे आणि संपर्क पाहता तोच असावा. तिथेही प्रश्नचिन्हाला स्वतंत्र घर द्यावे लागले! रोग नवा आला हे कळते ते मोजणीवरून. आणि साऱ्याच कागदांवर 'व्हायरल आहे, होईल बरे' असे असेल, तर मोजणार काय?

आता तुमच्या-आमच्या हातात काय आहे ते सांगते. डॉक्टरांकडे गेलात की दुखणे कोणत्या तारखेला सुरू झाले ते सांगा आणि ते लिहिले गेले आहे ना, ते पाहा. 'अंग कोमट लागते' असे म्हणू नका. तापमापक लावून आकडा सांगा. निदान काय हे मराठीत विचारा आणि कागदावर तेच आहे ना, याची खात्री करा. शंका असेल तर पुढच्या भेटीत ती खरी ठरली की खोटी, तेही लिहून घ्या. अँटिबायॉटिक दिले असेल तर ते कशासाठी, हे नम्रपणे विचारा. यात डॉक्टरांचा अपमान नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेच वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना असे औषध लिहिताना त्याचे कारणही लिहा, असे कळवले आहे. मागच्या खेपेच्या गोळ्या पुन्हा शोधू नका. पाकिटावर तांबडी उभी रेघ असेल तर ती आपणहून घेण्याची वस्तू नव्हे. रुग्णालयात दाखल झाला होतात, तर आपल्या नोंदी मागण्याचा हक्क आहे. २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांप्रमाणे त्या तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात.

आणि घरात तान्हे किंवा लहान मूल असेल तर एक मोजणी स्वतः शिका. मूल शांत असताना घड्याळ लावून त्याचे मिनिटाचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ, वर्षाच्या आतल्याचे पन्नास आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक भरले, छातीच्या खालची बाजू आत ओढली जात असली किंवा मूल पीतच नसले, तर ते पडसे राहिलेले नाही. तेव्हा कागद, क्रमांक सारे बाजूला ठेवून आधी रिक्षा करा.

लक्ष्मीपूजनाला आपण वह्या पुजतो. व्यापारी जमाखर्चाची पुजतात, मुले अभ्यासाची. यंदा तिथे आणखी एक साधी शंभर पानी वही ठेवा आणि पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा. कुणाला काय झाले, केव्हा झाले, कोणते औषध सोसले नाही, आणि कोणते दुखणे नव्हतेच, एवढे तिच्यात राहू द्या. फार लिहावे लागणार नाही. बहुतेक पानांवर शेवटचा शब्द 'बरा' किंवा 'बरी' असाच येवो, हीच माझी तुम्हा सर्वांना दिवाळीची शुभेच्छा!